मदत हवी आहे: आयपीएलनंतर (मेनफ्रेम नव्याने बूट केल्यावर) ऑटोमेशनच्या स्टॉप रिक्वेस्ट टिकत नाहीत

नमस्कार, नागपुरात झेड/ओएस (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टम) सांभाळणाऱ्यांसाठी प्रश्न. सिस्टम ऑटोमेशनमध्ये (सबसिस्टम आपोआप चालू-बंद करणारं आयबीएमचं सॉफ्टवेअर) आयएनजीआरईक्यू या चालू-बंद रिक्वेस्ट देणाऱ्या कमांडने बंद ठेवलेले, डेटाबेससारखे सबसिस्टम आयपीएलनंतर आपोआप सुरू होतात. बॅच चालू असताना असा डेटाबेस उठणं धोक्याचं आहे.

एचएसएपीआरएम मेंबरमध्ये (ऑटोमेशन मॅनेजरची सेटिंग फाइल) स्टार्ट=वॉर्म आहे; म्हणजे मॅनेजर कोल्ड, वॉर्म, हॉट यांपैकी वॉर्म पद्धतीने सुरू होतो. वॉर्ममध्ये शेड्यूल ओव्हरराइड (वेळापत्रकात केलेले तात्पुरते बदल) टिकतात, रिक्वेस्ट मात्र जातात. या रिक्वेस्ट टेकओव्हर फाइलमधून (मागची स्थिती साठवलेली फाइल) फक्त हॉटलाच परत येतात. मग नेहमी हॉटच ठेवावं का? तसं केलं, तर नवीन पॉलिसी बिल्ड (ऑटोमेशनच्या नियमांची तयार केलेली नवी आवृत्ती) आयएनजीएएमएस कमांडच्या रिफ्रेशने आयपीएलआधीच लोड करायची का?

आणखी एक शंका: रिक्वेस्टवर रिमूव्ह=सिसगॉन असेल, तर सिस्टम सिसप्लेक्समधून (एकत्र जोडलेल्या झेड/ओएस सिस्टमचा गट) बाहेर पडताच ती रिक्वेस्ट पुसली जाते. हे डिफॉल्टमध्ये लागलंय का, ते कुठे तपासता? प्रत्यक्ष वापरातली सेटिंग कृपया लिहा.