निःपक्षपात आणि तटस्थता

'तटस्थ राहणे म्हणजे अन्यायाकडे डोळेझाक करणे' हा तटस्थतेवर घेतला जाणारा आक्षेप मला अर्धाच पटतो, कारण त्यात तटस्थता आणि निःपक्षपात यांची गल्लत झाली आहे. रेडक्रॉसने १९६५ साली व्हिएन्नात स्वीकारलेल्या सात तत्त्वांत ही दोन्ही स्वतंत्रपणे येतात: कोणत्याही पक्षाची बाजू न घेणे ही तटस्थता, तर जखमीचा गणवेश न पाहता केवळ त्याची गरज पाहणे हा निःपक्षपात, आणि माझ्या मते मूळ गाभा दुसऱ्यातच आहे.

या चर्चेत रेडक्रॉसची कल्पना मांडणाऱ्या आंरी द्युनांचे नाव येते, पण उत्तर इटलीतील कास्तिल्योने गावच्या लोकांचा उल्लेख राहून जातो. जून १८५९ मधील सोल्फेरिनोच्या लढाईनंतर तेथील चर्चमध्ये फ्रेंच आणि ऑस्ट्रियन जखमी शेजारीशेजारी पडले असताना, गावातली पोरे जवळच्या कारंज्यावरून बादल्या भरून पाणी आणत होती आणि 'तुत्ती फ्रातेल्ली', म्हणजे 'सारे भाऊच', असे म्हणत बायका शत्रूच्या सैनिकांचीही शुश्रूषा करीत होत्या. द्युनांने बग्गीवाल्याला जवळच्या ब्रेशा शहराला पाठवून मागवलेल्या सामानात लिंबे, साखर, सदरे आणि पट्ट्यांबरोबर तंबाखूही होती, कारण जखमांचा दर्प तिच्या धुरानेच थोडाफार सुसह्य होई. त्या बायकापोरांना कोणीही तत्त्वे शिकवलेली नव्हती.