गोल्फ: चार फुटांचा पट दर वेळी वेगळा का जातो?

शनिवारचा खेळाडू (प्रश्न):

मी पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर शनिवार-रविवार गोल्फ खेळतो. वय ५२, हँडिकॅप (खेळाच्या दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) १९, उजव्या हाताने खेळणारा. ड्राइव्ह आणि आयर्न, म्हणजे लांबचे फटके, माझ्या वयाला शोभतील इतपत बरे आहेत, परंतु ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) पोहोचल्यावर माझा खेळ कोसळतो. गेल्या वर्षभरात मी चार ग्रिप (धरण्याच्या पद्धती) आणि दोन पटर (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवण्याच्या, म्हणजे पट करण्याच्या काठ्या) बदलले. एका प्रशिक्षकांनी पटर सरळ मागे नेऊन सरळ पुढे आणण्यास सांगितले, तर दुसऱ्यांनी तो दाराच्या कडीप्रमाणे किंचित गोलाईत फिरला पाहिजे असे ठासून सांगितले. घरातल्या मॅटवर दहापैकी नऊ चेंडू आत जातात. मागच्या रविवारी मात्र सतराव्या होलवर जेमतेम चार फुटांचा पट होता, तेथे चेंडूला पटर लागायच्या क्षणी हात आखडले आणि चेंडू होलच्या डाव्या कडेलाही न शिवता निघून गेला. भरवशाचा एकच स्ट्रोक हवा असेल तर या दोन पद्धतींपैकी कोणती धरावी आणि त्यासाठी पटर कसा असावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

टूलरूमवाला:

नमस्कार. माझी नोकरी पिंपरीतल्या एका टूलरूममध्ये मोजमापे घेण्यात गेली, त्यामुळे माझे पहिले म्हणणे असे की दोष मोजल्याशिवाय औषध देऊ नये. आपण स्ट्रोकबद्दल विचारले आहे, परंतु चेंडू डावीकडे का गेला हे आपल्याला अजून ठाऊक नाही. आपला नेमच डावीकडे होता, की नेम बरोबर असून फटक्याच्या वेळी पटरचा चेहरा (चेंडूला लागणारी सपाट बाजू) वळला, की ग्रीनचा उतार वाचण्यात चूक झाली, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ग्रिप बदलून तिन्ही सुधारत नाहीत.

होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५४ मिलिमीटर. सपाट जागी दहा फुटांवरून चेंडू एका अंशाने भरकटला, तर होलपाशी तो सुमारे ५३ मिलिमीटर बाजूला पोहोचतो, म्हणजे अगदी काठावर. चार फुटांवरून मात्र अडीच अंशांची चूकही साधारण काठावरच आणून सोडते. सांगायचे इतकेच की चार फुटांवर कडेलाही न शिवणे ही बारीक चूक नव्हे, आणि मोठी चूक शोधायला सोपी असते.

हार्डवेअरच्या दुकानातून एक मीटरची, साधारण तीन सेंटिमीटर रुंदीची पोलादी पट्टी आणावी. सपाट जागी ती ठेवून एका टोकाला चेंडू ठेवावा आणि पट करावा. चेंडू शेवटपर्यंत पट्टीवरून गेला, तर आपली दिशा एका अंशाच्या आत आहे असे समजावे. वीस चेंडू मारून किती डावीकडे पडले आणि किती उजवीकडे, एवढेच वहीत लिहावे. सुरुवातीची दिशा ठरण्यात पटर कोणत्या वाटेने आला यापेक्षा आघाताच्या क्षणी चेहरा कुठे पाहत होता याचा वाटा फार मोठा असतो, म्हणून आधी चेहऱ्याकडेच लक्ष द्यावे.

सरळ की गोल या वादाबद्दल थोडेसे. नियमाप्रमाणे पटरची दांडी उभ्या रेषेपासून किमान १० अंश कललेली असावी लागते. कललेली दांडी खांद्यांनी झुलवली की तिचे डोके थोडे गोलाईत जाणारच. ते सरळ रेषेत ठेवायचे तर हातांना काहीतरी दुरुस्ती करावी लागते. म्हणून मी गोलाईच्या बाजूचा आहे, पण त्याचा हट्ट धरत नाही. पटरची दांडी एका बोटावर आडवी तोलून पाहा. चेहरा आकाशाकडे राहिला तर तो पटर सरळ स्ट्रोक असणाऱ्यांना सोयीचा मानतात, आणि डोक्याचे टोक खाली लोंबले तर गोलाईवाल्यांना. आपले दोन पटर या बाबतीत एकमेकांच्या विरुद्ध निघाले, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

जुना सभासद:

वरील उत्तराबद्दल आदर आहे, परंतु "हात आखडले" हे शब्द त्यातून निसटले असे वाटते. मॅटवर नऊ चेंडू आत घालणाऱ्या माणसाला भूमितीची अडचण नसते. हा यिप्सचा, म्हणजे ऐन फटक्याच्या वेळी हात आपोआप आखडण्याचा प्रकार असू शकतो, आणि तो मोठमोठ्यांना झालेला आहे. जर्मनीचे व्यावसायिक गोल्फपटू बर्नहार्ड लँगर यांना याने अनेकदा गाठले. १९९१च्या रायडर कपमध्ये (युरोप विरुद्ध अमेरिका सांघिक स्पर्धेत) कियावा आयलंडवर त्यांचा सहा फुटांचा शेवटचा पट हुकला आणि कप अमेरिकेकडे गेला. तरीही १९९३ साली पटरची मूठ डाव्या हाताच्या पुढच्या भागाला टेकवून उजव्या हाताने आवळून धरण्याच्या विचित्र ग्रिपने त्यांनी दुसऱ्यांदा मास्टर्स ही अमेरिकेतली मोठी स्पर्धा जिंकली. तेव्हा ग्रिप बदलणे निरर्थक नसते. मात्र ती वर्षातून चार वेळा बदलल्यास शरीराला कोणतीच सवय लागत नाही.

माझी सूचना अशी की मुठीवर डावा हात उजव्याच्या खाली घेण्याची पद्धत निदान तीन महिने धरावी. त्यात उजव्या मनगटाचा आगाऊपणा बराच कमी होतो. चार-पाच फुटांवर चेंडूकडे न पाहता होलकडे पाहून पट करूनही बघावे. अमेरिकेचा गोल्फपटू जॉर्डन स्पीथ आखूड पट कित्येकदा तसेच करीत असे. पटरची मूठ छातीला टेकवण्याच्या फंदात मात्र पडू नये. २०१६पासून ते नियमाबाहेर आहे आणि आमच्या क्लबात अजूनही एकदोघे ते सर्रास करतात, हा वेगळा विषय.

हरळीप्रेमी:

एक मुद्दा राहिला. मॅटला गवताचा कल नसतो. उष्ण हवेतल्या ग्रीनवरचे बर्म्युडा गवत हे गणपतीला वाहतो त्या दूर्वांच्याच कुळातले, म्हणजे हरळीचे भावंड आहे, आणि ते एका दिशेला झुकून वाढते. गवत चमकदार दिसले तर कल आपल्यापासून दूर आहे आणि चेंडू वेगाने जाईल. काळपट दिसले तर समोरून विरोध आहे. पावसाळ्यात गवत उंच ठेवलेले असेल तर हाच परिणाम वाढतो. शिवाय व्यावसायिक दौऱ्यावरचे खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, त्यामुळे तेवढ्या अंतरावर हुकल्याचे दुःख करू नये. चार फुटांचे करावे.

शनिवारचा खेळाडू:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पट्टी आणली. वीसपैकी चौदा चेंडू डावीकडे पडले, उजवीकडे एकही नाही. त्यानंतर मुलीला मागे उभे करून, मी पटर टेकवल्यावर पण हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढायला लावला. चेहरा तेव्हाच डावीकडे पाहत होता! मी इतका वाकून उभा राहत होतो की नाकाच्या शेंड्याजवळून सोडलेला दुसरा चेंडू जमिनीवरच्या चेंडूच्या दोन बोटे पलीकडे पडला. म्हणजे नेम चुकलेला, आणि बहुधा ते कुठेतरी जाणवत असल्यामुळे हात ऐन वेळी दुरुस्ती करायला धावत असावेत. थोडा ताठ उभा राहून पुन्हा वीस मारले, तेव्हा पाच डावीकडे, दोन उजवीकडे आणि तेरा शेवटपर्यंत पट्टीवर राहिले. बोटावर तोलल्यावर दोन्ही पटर खरोखरच विरुद्ध निघाले. टोक लोंबणारा ठेवला, दुसरा मेहुण्यांना दिला. ग्रिप सध्या जुनीच ठेवतो आहे, याबद्दल जुन्या सभासदांनी राग मानू नये.

जुना सभासद:

राग कसला! मात्र शनिवारी पैजेचा पट असताना हात आखडतात का, ते पाहून इथे लिहावे. घरातली पट्टी पैज लावत नाही.