कॅशलेसमध्ये कापलेले पैसे पेशंटनेच का भरायचे?

नाशिककर:
सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, आरोग्य विमा होता, नेटवर्क हॉस्पिटल (म्हणजे विमा कंपनीशी करार असलेलं), कॅशलेस मंजूर, म्हणजे बिल कंपनीच थेट हॉस्पिटलला देणार, रूमही पॉलिसीच्या भाड्याच्या लिमिटमधलीच. डिस्चार्जला काउंटरवर म्हणतात कंपनीने पॅकेजच्या, म्हणजे ऑपरेशनच्या ठरलेल्या एकूण दराच्या, वरचे पैसे कापलेत ते तुम्ही भरा, नाहीतर पेशंट सोडणार नाही. अहो, पॅकेजच्या दरावर हॉस्पिटलनेच सही केलीय ना, मग वरची रक्कम हॉस्पिटलने सोडून द्यायला हवी, आमच्या माथी का?

बिलिंगडेस्क:
नाही पटलं. मी हेच काम करते. कंपन्या दर वेळेवर वाढवून देत नाहीत आणि खर्च मात्र दरवर्षी चढतो. शिवाय लोक रूम वरची घेतात. 5 लाखांच्या पॉलिसीत रूमभाड्याला 1 टक्का लिमिट म्हणजे दिवसाला 5,000, घेतली 8,000 ची, की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं, 1,60,000 चे 1,00,000 च मान्य. हे 60,000 हॉस्पिटलने का सोसायचे?

नाशिककर:
रूम ज्याने वरची घेतली त्याने भरावं, त्यावर वादच नाही. आम्ही घेतलीच नव्हती हो. आणि तिथेही औषधं, इम्प्लांट, तपासण्या, आयसीयू यांना ही प्रमाणातली कपात लावायची नाही असं विमा नियामक आयआरडीएआयने 2020 मध्येच सांगितलंय, तरी काही ठिकाणी सरसकट कापतात आणि कोणी विचारत नाही.

बिलिंगडेस्क:
ग्लोव्हज, रजिस्ट्रेशन वगैरे कंपनी देत नाही, ते तरी पेशंटचंच ना? काउंटरवर सगळं एकाच आकड्यात दिसतं म्हणून लोक भांडतात.

कृष्णाकाठ:
मग एकाच आकड्यात दाखवताच कशाला? फायनल मंजुरीपत्र मागून घ्या, त्यात डिस्काउंट, को-पे (पॉलिसीनुसार पेशंटचा ठरलेला वाटा), इतर कपात, पेशंटने भरायची रक्कम असे वेगवेगळे रकाने असतात. आणि खाली अटींमध्ये स्वच्छ असतं की ठरलेल्या पॅकेजच्या वर हॉस्पिटलने पेशंटकडून घ्यायचं नाही, फक्त पॉलिसीत न बसणारा खर्च किंवा वरच्या रूमचा फरक घेता येतो. नाशिककर, पेशंट अडकला असेल तर भरा पण कशाबद्दल घेतले ते पावतीवर लिहून घ्या, मग आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार आणि महिन्याभरात दाद लागली नाही तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी), मुंबई पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही.

बिलिंगडेस्क:
पत्र मागितलं तर द्यायलाच हवं, हे मान्य. पण दर वाढवून मिळेपर्यंत छोट्या हॉस्पिटलांनी कॅशलेस बंद केलं तर तुमचीच गैरसोय होईल.

नाशिककर:
परवडत नसेल तर करारातून बाहेर पडा ना, ते तरी प्रामाणिक. नेटवर्कची पाटी लावून पेशंट घ्यायचे आणि फरक डिस्चार्जच्या दिवशी काढायचा हे नाही चालणार.