म्हाताऱ्या कुत्र्याच्या हिरडीवर गाठ, तातडीने मदत हवी आहे (सातारा)

गोडोलीकर: आमच्या मोतीच्या हिरडीवर गाठ आलीय. डॉक्टर म्हणतात एपुलिस वाटतोय, पण तुकडा तपासल्याशिवाय नक्की सांगणार नाही. नुसतं बघून कळत नाही का? चार रात्री झोप नाही. लवकर सांगा.

वाईची_माई: वय? जात? गाठ कुठे, रंग कोणता, रक्त येतं का? काहीच लिहिलं नाहीत हो.

गोडोलीकर: लॅब्राडॉर, १२ पूर्ण. वरच्या सुळ्यामागे, हरभऱ्याएवढी, गुलाबी. भाकरी एकाच बाजूने चावतो. परवा पाण्याच्या भांड्यात लाळेबरोबर रक्ताची तार दिसली.

माणदेशी: हळद-खोबरेल लावा. आमच्या काळूची हिरडी आठवड्यात बसली.

मिरजवाला: दादा, काळूची हिरडी सुजली असेल. गाठ हळदीने जात नाही. गोडोलीकर, बघून खरंच कळत नाही. एपुलिस हे हिरडीवरच्या गाठीचं ढोबळ नाव. बऱ्याच साध्या असतात. अ‍ॅकॅन्थोमॅटस प्रकार शरीरात पसरत नाही, पण खालचं हाड पोखरतो. आणि मेलॅनोमा हा कॅन्सर काळाच असतो असं नाही, गुलाबीही निघतो. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून लॅबला पाठवा, त्याच भुलीत दाताचा एक्स-रे काढून घ्या.

शाहूपुरी_वाडा: १२ वर्षांच्या जिवाला भूल? आमचा उठलाच नाही. नका देऊ.

मिरजवाला: वाईट वाटलं वाचून. आधी रक्त, किडनी, लिव्हर, हृदय तपासलं होतं का? माझी १३ वर्षांची होती, संध्याकाळी घरी चालत आली.

शाहूपुरी_वाडा: तुमची आली. आमचा नाही आला.



वाईची_माई: औषध काही चालू आहे?

गोडोलीकर: नाही. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन तेवढी, दीड वर्ष झालं.

वाईची_माई: अहो, हे आधी सांगायचं! त्या गोळीनेही कधीकधी हिरडी वाढते. बहुधा एकाच दाताशी नाही, बऱ्याच ठिकाणी. बाकीचे दात बघा. गोळी मनाने बंद करू नका.

गोडोलीकर: बाकी हिरड्या ठीक आहेत. गोळी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली, म्हणून यांना बोललोच नाही. उद्या सगळी फाईल नेतो.

मिरजवाला: शंका राहिली तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा.

गोडोलीकर (१६ दिवसांनी): रिपोर्ट आला. पेरिफेरल ओडोन्टोजेनिक फायब्रोमा, साधी गाठ! हाड शाबूत आहे. रक्त तपासूनच भूल दिली. शुद्धीवर येताना माझ्या हातावर हनुवटी टेकून पडला होता, जीभ बाहेर, शेपटी दोनदा हलली. पुन्हा येऊ शकते म्हणून तीन महिन्यांनी बोलावलंय. माई, गोळीचं तुम्ही विचारलंत, उपकार झाले. भाकरी दुधात कुस्करू का?

वाईची_माई: दुधाने पोट बिघडेल. पातळ वरणात द्या, कांदा-लसूण अजिबात नको.