हायब्रिड गाडी सुरू करताना इंजिन गप्प का राहते?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): वडिलांसाठी नुकतीच स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर या दोन्हींवर चालणारी) गाडी घेतली आहे. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबले की कधी काहीच आवाज होत नाही, तर कधी उभ्या गाडीतच इंजिन आपोआप सुरू होऊन थोड्या वेळाने बंद होते. हा बिघाड समजावा काय?

पहिले उत्तर: बिघाड मुळीच नाही. बटणाने सुरू होते ती विद्युत यंत्रणा. म्हणून आवाजाची वाट न पाहता डॅशबोर्डवर ‘रेडी’ उमटले की नाही, तेवढे पाहावे. ते उमटले असेल तर गाडी शांत असूनही निघायला सज्ज असते, त्यामुळे उतरण्यापूर्वी ती बंद करण्याची सवय वडिलांना आवर्जून लावा. सकाळी इंजिन व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील प्रदूषण कमी करणारा भाग) थंड असतात आणि ते तापवण्यासाठी इंजिन काही वेळ चालते. मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे गेलेला असताना, एसीचा कॉम्प्रेसर विद्युत मोटर चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीवरच चालत असल्याने ती उतरू लागली की व्हरायटी चौकातल्या सिग्नलवर उभे असतानाही इंजिन सुरू होईल.

दुसरे उत्तर: मोठी बॅटरी भरलेली असली तरी १२ व्होल्टची लहान बॅटरी उतरली असेल तर ‘रेडी’ येणार नाही, कारण गाडीतील संगणक आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) या लहान बॅटरीवरच चालतात. ती उतरू नये म्हणून गाडी फार दिवस उभी ठेवू नका.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. मागच्या सीटजवळच्या जाळीतून पंख्याचा आवाज येतो, तो कशाचा?

दुसरे उत्तर: बहुधा बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याचा. त्या जाळीसमोर पिशव्या ठेवू नयेत.