पोटरीचं आकुंचन एमआरआयवर: स्ट्रेन शून्यावर परत येत नाही

सोलियस:
३ टेस्लावर पोटरीच्या आतल्या बाजूच्या गॅस्ट्रोक्नेमियस स्नायूची स्ट्रेन (लांबीत होणारा सापेक्ष बदल) मोजतोय. घोटा पट्ट्यांनी बांधलेला, माणूस फक्त पेडल दाबतो. सिने फेज-कॉन्ट्रास्ट (सिग्नलच्या फेजवरून फ्रेमागणिक वेग मोजणारी पद्धत), वेंक म्हणजे मोजता येणारा कमाल वेग १० सेंमी/सेकंद, टीआर म्हणजे दोन पल्समधला वेळ १६ मिलिसेकंद, ३ सेकंदांचं आवर्तन. वेगावरून विस्थापन काढलं की शेवटी पिक्सेल मूळ जागी येत नाहीत. कंडरेजवळचा नकाशाही नुसता दाणेदार. कुठे बघू?

केस्पेस:
आधी नडगीच्या हाडातल्या मज्जेवर बघा, तिथे वेग शून्यच हवा. सगळ्या फ्रेममध्ये सारखाच आकडा दिसला तर ती एडी करंटची (बदलत्या ग्रेडियंट चुंबकक्षेत्राने स्कॅनरच्या धातूत उठणाऱ्या प्रवाहांची) फेज. ०.१ सेंमी/सेकंद म्हणजे किरकोळ वाटतं, पण ३ सेकंदांत त्याचे ३ मिमी होतात. पाय सैल ठेवून तोच सिक्वेन्स, तीच स्लाइस पुन्हा घ्या आणि तो वेग वजा करा. आकडा दाबासोबत बदलत असेल तर मात्र पाय सरकतोय. टाच आणि गुडघा नीट आवळा, ते गणिताने सुटणार नाही.

सोलियस:
०.०८ आहे, सगळ्या फ्रेममध्ये.

केस्पेस:
म्हणजे जवळपास अडीच मिमी तिथेच गेले.

पेडलवाला:
आवर्तनं सारखी आहेत का तेही बघा. चार एन्कोडिंग (तीन दिशांचे वेग आणि एक संदर्भ), प्रत्येक सेगमेंटला, म्हणजे एका आकुंचनात, कच्च्या डेटाच्या २ ओळी धरल्या तर फ्रेम ४ × २ × १६ = १२८ मिलिसेकंदांची. १४० ओळींना ७० आकुंचनं, साडेतीन मिनिटं. एक चित्र या सत्तरांतून जुळतं, त्यामुळे दमलेल्या माणसाचं स्कॅन वायाच जातं. कमाल जोराच्या ३०–४० टक्क्यांवर थांबा, दाबाचा आलेख त्याला समोर दाखवा. स्कॅनरला सुरुवातीची खूण, म्हणजे ट्रिगर, मेट्रोनोमवर देऊ नका. जोर ठरलेल्या पातळीवर चढला की द्या, ईसीजी गेटिंगच्या (एरवी हृदयाच्या ठोक्यांशी स्कॅन जुळवणाऱ्या) इनपुटमधून. पेडल फायबरग्लासचं आणि सेन्सर ऑप्टिकल ठेवा. ॲल्युमिनियमची पाटी चुंबकाकडे ओढली जात नाही, पण ग्रेडियंटने तिच्यात प्रवाह फिरतात आणि ती थरथरते.

टेन्सर:
दाण्यांबद्दल. कंडरेचा टी२ (सिग्नल विरण्याचा काळ) इतका कमी की सिग्नलच येत नाही, तिथली फेज निरर्थक. मॅग्निट्यूडवरून (सिग्नलच्या ताकदीवरून) मास्क लावून कमी सिग्नलचे पिक्सेल वगळा आणि वेगाचे डेरिव्हेटिव्ह मास्कच्या आतच काढा. वेगातली चूक ०.४५ × वेंक ÷ एसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर). तुमच्या वेंकला एसएनआर २० असेल तर साधारण ०.२ सेंमी/सेकंद. स्ट्रेन काढताना शेजारच्या पिक्सेलांची वजाबाकी होते, म्हणून नॉइज आणखी उसळतो. वेगावर आधी ॲनायसोट्रॉपिक डिफ्यूजन फिल्टर (सीमा राखून नॉइज कमी करणारा) चालवा; साध्या गॉसियनने स्नायूंच्या सीमा पुसल्या जातात. लागून तीन स्लाइस घेतल्या तर स्ट्रेन-रेटचा (स्ट्रेन बदलण्याच्या वेगाचा) पूर्ण टेन्सर, म्हणजे तिन्ही दिशांचा तक्ता, मिळतो. स्नायूचं आकारमान जवळपास बदलत नाही, त्यामुळे तिन्ही मुख्य स्ट्रेन-रेटची बेरीज शून्याजवळ यायला हवी. ती येईपर्यंत कुठल्याही आकड्यावर विसंबू नका.