मदत हवी आहे: सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ, तीन बंदरं आणि आईचे गुडघे

मंडळी,

आई-बाबा ऑक्टोबरपासून आमच्याकडे न्यू जर्सीला आहेत. थंडी पडल्यापासून दोघं खिडकीशी बसून साताऱ्याच्या उन्हाच्या आठवणी काढताहेत, म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली क्रूझ बुक करून टाकली. रविवारी फोर्ट लॉडरडेलहून निघायचं, सोमवार समुद्रात. मंगळवारी दुपारी २ ते रात्री १० सान हुआन (पोर्तो रिको), बुधवारी सकाळी ८ ते संध्याकाळी ५ सेंट थॉमस, गुरुवारी त्याच वेळेत सेंट मार्टिनचं फिलिप्सबर्ग. मग दोन दिवस नुसतं पाणी आणि रविवारी परत.

ग्रँड केमनचा मार्ग स्वस्त पडत होता, पण तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. जंजिऱ्याला किल्ल्याच्या पायरीवर पाय टाकताना होडी हलली आणि आई नावाड्याच्या अंगावर जवळजवळ बसलीच. तेव्हापासून होडीचं नाव आमच्या घरात काढायचं नाही.

आई ६८ वर्षांची. सपाटीवर अर्धा तास चालते, पायऱ्या नकोत. बाबा ७३, सज्जनगड अजून चढतात. पण त्यांची गोम वेगळीच आहे. एसटी चहाला दहा मिनिटं थांबली तरी ते खाली उतरत नाहीत, गाडी सुटेल म्हणून! दोघंही शाकाहारी.

सान हुआनचे एल मोरो आणि सान क्रिस्तोबाल हे दोन्ही किल्ले अर्ध्या दिवसात होतील का? सेंट थॉमसला मेगन्स बेचा किनारा करावा की फेरीने शेजारच्या सेंट जॉन बेटावर जावं? सेंट मार्टिनला विमानं डोक्यावरून जातात तो माहो बीच बघायचाच, असा नवऱ्याचा हट्ट आहे. जहाजवाल्यांच्या सहली चौघांच्या हिशेबाने फार महाग वाटतात. बाहेरची टॅक्सी केली आणि उशीर झाला, तर जहाज खरंच थांबत नाही?

जाता जाता एक आडवा प्रश्न. नवऱ्याच्या पासपोर्टवरचा एच-१बीचा (नोकरीच्या व्हिसाचा) शिक्का संपलाय, मुदतवाढ मंजूर झाल्याचा कागद, म्हणजे नवीन आय-७९७, हातात आहे. मागे असंच कॅनडाला चार दिवस जाऊन आलो, काही अडलं नाही. इथेही चालेल ना? (माझा शिक्का चालू आहे, आई-बाबांचा दहा वर्षांचा व्हिसा आहे.)

प्रतिसाद १

ताई, तुम्ही आडवा म्हणून टाकलेला प्रश्नच सगळ्यात उभा आहे. संपलेल्या शिक्क्यावर परत येण्याची जी सवलत आहे ती एच-१बीवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती, तीही तीस दिवसांच्या आत. आसपासची बेटं त्यात धरतात ती एफ आणि जे व्हिसावाल्यांसाठी, म्हणजे विद्यार्थी वगैरेंसाठी. पोर्तो रिको आणि सेंट थॉमस अमेरिकेचेच, पण सेंट मार्टिनला जहाज लागलं की तुम्ही देशाबाहेर गेलात. बहुधा फोर्ट लॉडरडेललाच कागद बघून तुमच्या नवऱ्याला अडवतील, आणि नाही अडवलं तर ते जास्त वाईट, परत येताना अडकतील. ऑफिसच्या वकिलाला आजच विचारा.

प्रतिसाद २

सान हुआनला जहाज जुन्या गावाच्या पायथ्याशीच लागतं, टॅक्सीची गरज नाही. मात्र किल्ले संध्याकाळ व्हायच्या आत बंद होतात आणि तुम्ही उतरणार दोननंतर. त्यातून डिसेंबरात तिथलं घड्याळ फ्लोरिडाच्या एक तास पुढे असतं. जहाजाने आपलं घड्याळ बदललं नाही, तर तुमचे दोन म्हणजे तिथले तीन. दोन्ही किल्ले विसरा.

बाबांना एकट्याने एल मोरो करू दे. फाटकापासून किल्ल्यापर्यंत मोठं मोकळं हिरवं मैदान आहे, पोरं पतंग उडवत असतात, सावली औषधालाही नाही. १५३९ साली बांधायला घेतलेला, सहा पातळ्यांचा, बंदराच्या तोंडावरच बसवलेला किल्ला. जंजिरा पाहिलेला माणूस तिथे रमतोच. गाव चढावर आहे आणि निळसर विटांचे रस्ते ओले झाले की घसरतात, म्हणून आईंना वर नेऊ नका. धक्क्याजवळ पासेओ दे ला प्रिन्सेसा म्हणून तटाला लागून सपाट रस्ता आहे, झाडं आहेत, बाकं आहेत.

खाण्याचं जपा. भात आणि बीन्स दिसायला आपल्या राजम्यासारखे, पण त्यात डुकराचं मांस पडलेलं असू शकतं. मोफोंगो म्हणजे कुटलेली तळलेली केळी, त्यातही तेच. विचारल्याशिवाय घास घेऊ नका.

वेळेचं म्हणाल तर जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर ते थांबतात किंवा पुढची सोय करतात. स्वतःहून गेलात तर थांबत नाहीत. सुटायच्या अर्धा तास आधी आत असायचं. फोन किनाऱ्यावर आपोआप तिथली वेळ दाखवतो आणि तिथेच लोक फसतात. हातावर साधं घड्याळ घाला, जहाजाच्या वेळेला लावलेलं.

प्रतिसाद ३

सेंट जॉन नको. गाडी, फेरी, परत गाडी आणि हेच सगळं उलट, म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. मेगन्स बे करा. डोंगर ओलांडून गेलं की शांत उथळ पाणी, आई पाय बुडवून बसतील. फक्त तिथल्या उघड्या ‘सफारी’ टॅक्स्यांची पायरी उंच असते, बंद व्हॅन मागा. अमेरिकेचं बेट असून गाड्या डावीकडून चालतात, बाबांना बरं वाटेल.

माहो बीच नवऱ्याच्या हट्टाइतका वेळ देण्याजोगा नाही, माझं मत. विमान येतं, आपण ओरडतो, वाळू डोळ्यात जाते. कुंपणाला मात्र लटकू नका, उडणाऱ्या विमानाच्या झोताने तिथे माणूस गेलेला आहे. वाटेत सिम्पसन बेचा पूल बोटींसाठी उघडतो आणि गाड्या खोळंबतात, त्यामुळे तीनपर्यंत परत फिरा. नाहीतर फिलिप्सबर्गमध्येच राहा. फ्रंट स्ट्रीटवरची दागिन्यांची बरीच दुकानं सिंधी लोकांची आहेत, आईंना हिंदीत घासाघीस करता येईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, पहिल्या प्रतिसादाचे जरा जास्तच. वकिलीणबाईंनी एका ओळीत ‘जाऊ नका’ लिहिलं. नवऱ्याचं तिकीट रद्द केलंय, थोडे पैसे गेले, आणि माहो बीचचा प्रश्न आपसूक निकालात निघाला. आता आम्ही तिघंच.

एल मोरोचं वाचून बाबांनी ट्रंकेतून जुनं एचएमटी काढलंय आणि रोज सकाळी किल्ली देताहेत. जहाज सुटायला अजून तीन आठवडे आहेत.

एकच राहिलं. मेगन्स बेहून परतीची व्हॅन आधीच ठरवून ठेवावी लागते की तिथे उभ्या असतात? बाबांना याचं उत्तर निघण्याआधी हवंय.